चित्रगुप्ताची वही जुनी होते तेव्हा

जर्मन भाषेत एक छोटी पुस्तिका आहे. तिच्या नावाचा मराठीत अर्थ होतो 'लाटेकच्या पापांची नोंदवही'. मार्क ट्रेटिन यांनी ती लिहिली, युर्गेन फेन यांनी तिचे इंग्रजी रूपांतर केले आणि ते रूपांतर २००७ साली जिथे थांबले तिथेच आजही आहे. तासाभरात वाचून व्हावी एवढीच ती आहे. पण मुक्तस्रोत आज्ञावलींच्या जगातील एक अवघड प्रश्न तिच्यामुळे इतका स्वच्छ दिसतो की तिचे परीक्षण करण्याच्या निमित्ताने त्या प्रश्नाकडेही पाहावे असे आम्हांला वाटले. प्रश्न असा : एखादे जुने पॅकेज माहितीपुस्तिकेतून कधी काढून टाकावे?

ज्यांचा लाटेकशी परिचय नाही अशा वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. गणिताची किंवा भौतिकीची प्रश्नपत्रिका टंकलिखित करताना वर्गमूळ, अपूर्णांक, संकलन यांनी ज्यांना रडवले आहे, त्यांना या साधनाची गरज पटवून द्यावी लागणार नाही. डोनाल्ड क्नूथ या संगणकशास्त्रज्ञाने १९७८ साली 'टेक' ही अक्षरजुळणीची प्रणाली लोकांपुढे आणली. १९८० च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर 'लाटेक' ही सोपी पायरी बांधली. यात आपण मजकुराबरोबरच साध्या अक्षरांत सूचना लिहितो : हे शीर्षक, हे समीकरण, हा शब्द जाड ठशात. संगणक त्या वाचून पान जुळवतो. मूळ लाटेकला जे येत नाही ते जगभरातील लोकांनी लिहून ठेवले आहे. त्या तुकड्यांना पॅकेज म्हणतात. ही पॅकेजे हजारोंनी आहेत, फुकट आहेत, आणि बहुतेकांचे कर्ते ती हौसेने सांभाळतात किंवा सांभाळेनासे होतात.

इथे गोम आहे. कंपनीची आज्ञावली असेल तर कंपनी एके दिवशी ती बंद करते आणि प्रश्न मिटतो. मुक्तस्रोत पॅकेजला असा मृत्युदाखला मिळत नाही. कर्ता निवृत्त झाला, त्याने दुसरा छंद धरला, तरी पॅकेज भांडारात राहतेच, चालतेही. मग पुस्तिका लिहिणाऱ्याने काय करावे? नव्या विद्यार्थ्याला ते शिकवावे का? शिकवायचे नसेल तर त्याचे नाव तरी घ्यावे का?

ट्रेटिन यांची पुस्तिका या प्रश्नाला सरळ भिडते, हा तिचा पहिला गुण. 'हे वापरू नका, त्याऐवजी हे वापरा' अशी तिची मांडणी आहे. समीकरणांची रांग लावण्यासाठी लॅम्पोर्ट यांच्याच पुस्तकात शिकवलेली 'इक्यूएन-अ‍ॅरे' ही रचना घ्या. तिच्यात बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना नको इतकी मोकळी जागा सुटते, आणि समीकरण लांबले तर ते स्वतःच्याच क्रमांकावर चढते. पुस्तिका हे दाखवून देते आणि अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या पॅकेजातील 'अलाइन' ही रचना सुचवते. जाड ठशाच्या जुन्या दोन अक्षरी आज्ञेचेही तसेच. ती देऊन पुढे तिरप्या ठशाची आज्ञा दिली की पहिली पुसली जाते, म्हणजे जाड आणि तिरपा असा ठसा मिळतच नाही. नव्या आज्ञा एकमेकींवर रचता येतात. ही दोन्ही स्पष्टीकरणे वाचून विद्यार्थ्याला केवळ नियम कळत नाही, नियमाचे कारण कळते. शिक्षकाला याहून काय हवे असते?

पण याच पुस्तिकेचा उजवा रकाना, म्हणजे प्रायश्चित्तांचा रकाना, आज वाचताना भुवया उंचावतात. पानाच्या माथ्यावरील मजकुरासाठी 'स्क्रपेज' वापरू नका, 'स्क्रपेज-२' वापरा असे ती सांगते. आता स्क्रपेज-२ हेही मागे पडले, त्याची जागा तिसऱ्याच एका पॅकेजने घेतली. टाइम्स ठशासाठी 'टाइम्स' नको, 'मॅथपीटीएमएक्स' घ्या असे ती म्हणते. तेही आज कोणी नवशिक्याला सुचवणार नाही. जर्मन स्वरांवरील टिंबांसाठी जुनी पॅकेजे सोडा, 'इनपुटएन्क' घ्या आणि सोबत लॅटिन-१ सारखी संकेतावली सांगा, हा सल्ला त्या काळी उत्तम होता. एप्रिल २०१८ पासून मात्र लाटेक स्वतःच युनिकोडमधील यूटीएफ-८ संकेतावली गृहीत धरते. ती ओळ लिहायची गरज उरली नाही, आणि आजच्या संपादकात टंकलेल्या धारिकेवर लॅटिन-१ ची सूचना दिली तर एकेका अक्षराच्या जागी दोन-दोन भलतीच अक्षरे उमटतात. म्हणजे कालचे प्रायश्चित्त आज पाप ठरले.

यातून आम्हांला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पापांची यादी हळू जुनी होते, प्रायश्चित्तांची झपाट्याने. इक्यूएन-अ‍ॅरेमधील मोकळी जागा १९९० साली वाईट होती, आजही तेवढीच वाईट आहे, कारण दोष तिच्या घडणीत आहे. 'त्याऐवजी काय' हे मात्र त्या-त्या वर्षी बाजारात काय आहे यावर ठरते. असे असताना पुस्तिकेने दोन्ही रकाने एकाच सुरात, एकाच ठामपणाने छापले आहेत. कोणती नोंद कधीची, हे नोंदीशेजारी लिहिलेले नाही. आमच्या मते हा या पुस्तिकेचा सर्वांत मोठा दोष, आणि तो तिच्या कर्त्यांच्या अज्ञानातून आलेला नाही. आपण लिहितो ते दहा वर्षांनी कोणी तरी वाचणार आहे, हे लिहिताना सहसा कोणाच्या मनात येत नाही.

उलरिख श्वार्त्स यांनी तर 'नॅग' नावाचे एक पॅकेजच केले. नॅग म्हणजे टुमणे लावणे. ते आपल्या धारिकेत घातले की या नोंदवहीतील पाप दिसताच इशारा देते. कल्पना गमतीची आहे. मात्र ते घालण्याची बुद्धी आधीच सावध असलेल्यालाच होते. ज्याला टोचणी हवी तो त्याच्या वाटेला जात नाही.

आता 'जुने' म्हणजे नेमके काय, याकडे वळू. शेवटचा बदल वीस वर्षांपूर्वी झाला म्हणून पॅकेज जुने, असे पुष्कळ जण मानतात. हा निकष आम्हांला मान्य नाही. क्नूथ यांनी १९९० साली जाहीर केले की टेकमध्ये यापुढे नवे काही भरणार नाही, फक्त चुका दुरुस्त होतील. प्रत्येक दुरुस्तीबरोबर आवृत्तीचा क्रमांक 'पाय' या संख्येच्या जवळ सरकतो. २०२१ साली तो ३.१४१५९२६५३ झाला. आपल्या मृत्यूनंतर क्रमांक नेमका पाय व्हावा आणि त्यानंतर उरलेल्या चुका वैशिष्ट्ये मानाव्यात, अशी त्यांची इच्छा आहे. अशी गोष्ट बदलत नाही ती मेली म्हणून नव्हे, पुरी झाली म्हणून. वरवंट्याची नवी आवृत्ती निघत नाही, म्हणून तो कोणी अडगळीत टाकत नाही.

उलटही घडते. बहुभाषिक मजकुरासाठी 'बेबल' हे पॅकेज होते. ते काही वर्षे थंडावले. नव्या झीटेक यंत्रणेसाठी २००८ साली 'पॉलिग्लॉसिया' आले आणि बेबलचे दिवस संपले असे अनेक जण म्हणू लागले. पुढे बेबल हावियेर बेझोस यांनी हाती घेतले, ते नव्या यंत्रणांवरही चालू लागले आणि आज पुन्हा जोमात आहे. ज्यांनी मधल्या काळात आपल्या पुस्तिकांतून बेबल काढले त्यांना ते परत घालावे लागले.

'लोक अजून वापरतात, मग कसे काढायचे?' हा युक्तिवाद याहून फसवा आहे. लोक वापरतात, कारण पुस्तिकेत आहे. पुस्तिकेत आहे, कारण लोक वापरतात. एका चित्रात अनेक उपचित्रे मांडण्यासाठी 'सबफिगर' हे पॅकेज होते. त्याच्याच कर्त्याने 'सबफिग' काढून पहिले मोडीत काढले. त्यानंतर 'सबकॅप्शन' आले. तरीही एका संशोधन नियतकालिकाने आम्हांला पाठवलेल्या साच्यात सबफिगरच होते. ते बदलले तर लेख परत येणार. आमच्या विद्यार्थ्यांनी तो साचा पाहिला, आपल्या प्रबंधात उचलला, तो प्रबंध पुढच्या तुकडीने उचलला. अशा रीतीने कर्त्याने स्वतः निरोप दिलेले पॅकेज पिढ्यान्‌पिढ्या नांदते.

शिवाय पुस्तिकेत भर घालणे सोपे, काढणे कठीण. कोणी नवा परिच्छेद लिहून दिला तर सगळे आभार मानतात. जुना परिच्छेद काढला की ज्याचे काम अडते तो नेमका तक्रार करतो. ज्या नवशिक्याचा गोंधळ वाचला तो काही कौतुकाचे पत्र लिहीत नाही, कारण आपण कशातून वाचलो हे त्याला ठाऊकच नसते. स्वेच्छेने काम करणाऱ्या माणसांनी अशा वेळी परिच्छेद राहू दिला तर त्यांना दोष कसा द्यावा? पण परिणाम असा होतो की उपचित्रांचे तीन मार्ग एकाखाली एक छापले जातात आणि विद्यार्थी पहिला उचलतो, जो बहुधा सर्वांत जुना असतो.

इथे एक घोटाळा टाळला पाहिजे. पुस्तिकेतून काढणे आणि आज्ञावलीतून काढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाटेकने हे फार चांगले सांभाळले आहे. १९९४ साली लाटेकची नवी आवृत्ती आली तेव्हा जुन्या आवृत्तीच्या धारिकाही चालाव्यात अशी सोय ठेवली. 'ईपीएसफिग' हे चित्रांचे जुने पॅकेज आजही आहे, पण आतून ते नव्या 'ग्राफिक्स' पॅकेजलाच काम सांगते. म्हणजे जुने दार ठेवले, वाट नव्या घरात काढली. 'फिक्स-एलटीएक्स' नावाचे एक पॅकेज लाटेकमधील जुन्या चुका सुधारत असे. २०१५ साली त्या सुधारणा मूळ लाटेकमध्येच आल्या. आता ते पॅकेज मागवले तर 'माझी गरज नाही' एवढाच इशारा देऊन गप्प बसते. पॅकेजचा याहून सुखाचा शेवट आम्हांला माहीत नाही. आणि ज्या धारिकेत ते मागवलेले आहे ती अडत नाही.

इक्यूएन-अ‍ॅरे लाटेकमध्ये राहावे, कारण तीस वर्षांपूर्वीचा प्रबंध पुन्हा छापता आला पाहिजे. ते प्राथमिक पुस्तिकेत मात्र नसावे, कारण उद्याच्या प्रबंधात ते येऊ नये. यात विसंगती नाही. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली. पाठ्यपुस्तकातील शेर-छटाकांची गणिते यथावकाश गेली, ते योग्यच झाले. पण जुनी दस्तरे वाचणाऱ्या इतिहाससंशोधकाला शेराचे कोष्टक कुठे तरी मिळालेच पाहिजे. (सराफकट्ट्यावर तोळा अजून ऐकू येतो, तो भाग वेगळा.)

हा मुद्दा आपल्या लिपीच्या बाबतीत किती जिव्हाळ्याचा आहे ते पाहा. १९९१ साली नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठात फ्रान्स वेल्थुइस यांनी टेकसाठी देवनागरीचे ठसे आणि एक पूर्वप्रक्रिया करणारी आज्ञावली तयार केली. मजकूर रोमन अक्षरांत लिहायचा, दोनदा 'ए' लिहिले की 'आ', आधी टिंब देऊन 'टी' लिहिली की 'ट'. आज्ञावली त्याचे रूपांतर करी आणि टेक तो सुंदर देवनागरीत जुळवी. या ठशांत मुंबई वळण आणि कलकत्ता वळण असे पर्यायही पुढे आले, त्यामुळे मराठी वाचकाच्या डोळ्याला सवयीची अक्षरे मिळण्याची सोय झाली. युनिकोडची पहिली आवृत्ती त्याच वर्षीची, म्हणजे तेव्हा ते कोणाच्या संगणकावर नव्हते. त्या काळात हे काम केवढे मोठे होते!

आज मराठीत गणिताची टिपणे काढू इच्छिणाऱ्या शिक्षकाने तिथून सुरुवात करावी का? मुळीच नाही. जोनाथन क्यू यांची झीटेक यंत्रणा २००४ साली आली. तीत युनिकोड मराठी थेट टंकता येते आणि संगणकावरील कोणताही चांगला देवनागरी ठसा चालतो. तिची भावंड लुआटेक मात्र अनेक वर्षे देवनागरी जोडाक्षरांत अडखळत असे. अक्षरे जुळवण्याचे हार्फबझ हे साधन तिला जोडले गेले आणि २०२० च्या टेक-लाइव्ह संचात ते सर्वांच्या हाती आले, तेव्हा ती अडचण सरली. 'देवनागरीसाठी लुआटेक नको' हे वाक्य २०१५ साली खरे होते, २०२० नंतर खोटे झाले. पापांची यादी हळू जुनी होते असे आम्ही वर म्हटले, त्याला ही मर्यादा आहे. दोष घडणीतला असेल तर नोंद टिकते. उणीव भरून निघण्यासारखी असेल तर 'नको'लाही तारीख हवी.

मग वेल्थुइस यांचे पॅकेज पुस्तिकांतून पुसून टाकावे काय? प्राथमिक पुस्तिकेतून होय. पण त्यांची रोमन अक्षरांची पद्धत त्या पॅकेजच्या बाहेर पडून स्वतंत्रपणे जगली. संस्कृत आणि पाली ग्रंथांचा मजकूर अनेकांनी तीत टंकून ठेवला आहे. अशी धारिका उघडणाऱ्याला टिंबाची 'टी' म्हणजे 'ट' हे सांगणारे कोष्टक हाताशी नसेल तर तो काय करील? इथे पॅकेज निवृत्त झाले तरी कोष्टक निवृत्त होऊ शकत नाही. आपल्या शाळा-कार्यालयांतील जुन्या मराठी धारिकांचे हाल आठवा. युनिकोडपूर्व ठशांत टंकलेली परिपत्रके आज उघडली की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. कोणत्या चिन्हाला कोणते अक्षर, हे कोष्टक ठशागणिक निराळे. ज्या ठशांची कोष्टके उघड झाली त्यांच्यासाठी रूपांतर करणाऱ्या आज्ञावली झाल्या. उरलेल्यांसाठी माणसाने पुन्हा टंकायला बसायचे. वेल्थुइस यांचे कोष्टक पहिल्यापासून पुस्तिकेत छापलेले आहे, म्हणून त्या मजकुरावर ही वेळ आली नाही.

काढायचे कसे, याचा आमच्या पाहण्यातील सर्वांत चांगला नमुना लाटेकच्या बाहेरचा आहे. पायथन ही संगणकभाषा आता अनेक विद्यार्थी अकरावी-बारावीत शिकतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या तिच्या ३.१३ आवृत्तीतून १९ जुनी मॉड्यूल एकदम काढली. माहितीपुस्तिकेतील त्यांची वर्णनेही गेली. पण पाने पुसली नाहीत. त्या प्रत्येकाच्या पानावर आता मोजक्या ओळी आहेत : हे मॉड्यूल कोणत्या आवृत्तीत नापसंत ठरवले, कोणत्या आवृत्तीत काढले, तो निर्णय कोणत्या प्रस्तावाने झाला, आणि ज्यात ते होते ती शेवटची आवृत्ती कोणती. पर्याय असेल तर त्याचे नाव. गावाच्या वेशीवरील वीरगळासारखे हे पान आहे. नवशिक्या ते पाहून पुढे जातो. जुनी धारिका घेऊन आलेल्याला मात्र कुठे जायचे ते कळते.

पायथनने हे शहाणपण किंमत मोजून मिळवले. तिची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली. दुसरीला आधी २०१५ पर्यंत मुदत होती, ती २०२० पर्यंत वाढवावी लागली. त्या अकरा वर्षांत दोन्ही भाषांची उदाहरणे देणाऱ्या पुस्तकांनी विद्यार्थ्यांना किती छळले ते संगणक शिकवणाऱ्या शिक्षकांना विचारावे. छापण्याच्या आज्ञेला कंस हवा की नको, एवढ्या एका गोष्टीवर कित्येक तास गेले असतील. तरी २.७ आवृत्तीची पुस्तिका आजही जागेवर आहे. ती नव्या पुस्तिकेत मिसळलेली नाही, एवढेच.

ट्रेटिन यांच्या नोंदवहीत अशा चार ओळी प्रत्येक नोंदीला असत्या तर? 'टाइम्स : दोष अमुक, पर्याय २००७ साली मॅथपीटीएमएक्स.' त्या 'साली' या एका शब्दाने वाचक सावध झाला असता. टेक-लाइव्हचा संच दरवर्षी निघतो आणि मागील वर्षांचे संच जपून ठेवलेले आहेत, त्यामुळे तारीख असली की ज्याला खरोखर जुने पॅकेज हवे त्याला त्या वर्षीचा संच शोधता येतो. लाटेकच्या पॅकेजांचे जे मोठे सार्वजनिक भांडार आहे त्यात कालबाह्य पॅकेजांसाठी वेगळे दालनही आहे. म्हणजे जपण्याची व्यवस्था उत्तम आहे. कमतरता आहे ती पुस्तिकांत तारखा लिहिण्याच्या सवयीची.

तरीही ही पुस्तिका वाचावी असेच आम्ही सुचवू. टेक-लाइव्ह बसवलेल्या संगणकावर तिचे इंग्रजी रूपांतर सोबतच येते. डावा रकाना कारणांसह विद्यार्थ्यांना जरूर समजावून द्यावा. विशेषतः समीकरणांचा भाग फळ्यावर दोन्ही प्रकारे काढून दाखवण्यासारखा आहे. उजव्या रकान्यातील पॅकेज मात्र धारिकेत घालण्यापूर्वी भांडारातील त्याचे पान उघडून पाहावे. पॅकेज मोडीत निघाले असेल तर बहुधा तिथे तशी नोंद असते. आणि इनपुटएन्कची लॅटिन-१ असलेली ओळ दिसली तर ती पेन्सिलीने खोडून शेजारी २०१८ असे लिहून ठेवावे.